कृष्णामाईची ओटी

पुराचं पाणी घराच्या पायरीला लागलं, तशी मनुबाईनं कृष्णामाईची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ पाण्यात सोडले आणि दर पुरात म्हणायची तेच म्हणाली, "माई, आता माघारी जा."

तेवढ्यात जतला दिलेल्या लेकीचा, क्रांतीचा फोन आला.

"आई, तुमच्याकडचं पुराचं पानी पंपानं उचलून हिकडं सोडलंय. मागल्या म्हैन्यापतोर टँकर येत हुता, आन आज आमचं तळं भरलं बघ! मी बी आत्ताच वटी भरली."

"काय मागितलंस गं?"

"ऱ्हा म्हनलं."

मनुबाईनं फोन कनवटीला खोचला आणि पुन्हा पाण्यापुढं हात जोडले.

"माई, माघारी नगं जाऊस. लेकीकडं जा, आन चांगली वरीसभर ऱ्हा."