एकोणतीस फेब्रुवारी

सत्तावन्न मुलांपैकी छप्पन्न पास झाली आणि मुंगी अडकली.

बालगृहाच्या ऑफिसात संगणकवाल्या बाईंनी पडद्यावरची लाल ओळ पुन्हा वाचली. मुंगीची जन्मतारीख, एकोणतीस फेब्रुवारी दोन हजार सतरा. अशी तारीखच नाही, असं यंत्राचं म्हणणं होतं, आणि ते खरं होतं. त्या साली फेब्रुवारी अठ्ठावीसलाच संपला होता. चार वाजता फाइल मुख्य कार्यालयात जायची होती, आणि एक ओळ चुकली की अख्खी फाइल परत, असा तिथला खाक्या. बरं, चिडायचं तरी कुणावर? कुठल्या रकान्यात काय चालेल, अक्षरं की आकडा, हो-नाही की तारीख, हा सगळा स्कीमा सतराही गृहांसाठी बाईंनीच लिहिला होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"ताई, ही तारीख कुणी सांगितली?"

गृहाच्या मोठ्या ताई शेजारी रजिस्टर उघडून बसल्या होत्या. "तिनंच."

"म्हणजे काही कागद वगैरे?"

"कागद असतात त्यांचं ठीक आहे हो. ज्यांना आपली तारीख माहीतच नाही, त्यांना मी त्या कॅलेंडरसमोर उभं करते. म्हणते, घे, तुला हवा तो दिवस घे. वर्ष तेवढं डॉक्टर दात बघून सांगतात."

बाईंनी मनातल्या मनात कपाळाला हात लावला. म्हणजे पास झालेल्यांतल्याही निम्म्या तारखा असल्याच. पण त्या नीटनेटक्या खोट्या होत्या, म्हणून यंत्राने मुकाट गिळल्या. ही पोरगी तेवढी त्या कामात कच्ची निघाली.

"अठ्ठावीस करू का? एका दिवसानं काय बिघडतं?"

"मला काय विचारता? दिवस तिचा आहे," ताई म्हणाल्या, आणि त्यांनी दारातून हाक मारली.

मुंगी फ्रॉकला ओले हात पुसत आली. नावाप्रमाणेच बारकी, पण उभी राहिली ती ठाम. बाईंनी गोड बोलून तिला सगळं समजावलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"अठ्ठावीसला माळीकाकांचा वाढदिवस असतो," ती म्हणाली. "आणि एक मार्चला जुळ्यांचा."

"मग काय झालं? दोघांचा मिळून केला तर खाऊ दुप्पट."

"मला एकोणतीसच हवी."

"अगं, पण ती चार वर्षांतून एकदाच येते."

"माहितीये. ताईंनी सांगितलं होतं. म्हणून तर घेतली."

बाईंना हसू आलं. "मोठं व्हायची घाई नाही वाटतं तुला?"

मुंगीने नकारार्थी मान हलवली. टेबलाच्या कडेवरून ती बोट फिरवत राहिली.

"आई येणार आहे," मग ती म्हणाली. "तिनं मला एवढीच बघितलीये. भराभर मोठी झाले तर ती ओळखणार कशी?"

ताईंनी रजिस्टरात डोकं घातलं. बाईंनी उगाच चष्मा पुसला.

या फायली ज्या संगणकी भाषेत लिहिलेल्या असतात, त्या एक्सएमएलमध्ये माहितीचे चाळीसच्या वर प्रकार तयार मिळतात. रोजच्या कामाला त्यांतले सात-आठ पुरतात, बाकीचे पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपबश्यांसारखे कपाटात पडून असतात. त्यांत एक प्रकार आहे नुसत्या महिन्याचा आणि दिवसाचा. वर्ष तो मागतच नाही, त्यामुळे एकोणतीस फेब्रुवारीही त्याला चालते. अठरा वर्षांच्या नोकरीत बाईंनी तो एकदाही वापरला नव्हता. हा कुणाच्या उपयोगी पडत असेल, असा त्यांना नेहमी प्रश्न पडायचा. आणि नुसत्या वर्षाचाही एक वेगळा प्रकार आहे, डॉक्टरांचा अंदाज तिथे जाऊ शकत होता. त्यांनी मुख्य कार्यालयात साहेबांना फोन लावला.

"साहेब, जन्मतारखेचा रकाना मोडून दोन करतेय. एकात वर्ष, एकात दिवस."

"आत्ता? अहो बाई, बाकीच्या सोळा गृहांच्या फायली पुन्हा कराव्या लागतील."

"करीन मी. उद्यापर्यंत मुदत द्या."

"पण एवढं अडलंय कशासाठी?"

"एका मुलीच्या वाढदिवसासाठी."

"उद्या दुपारी बारापर्यंत," साहेब म्हणाले. "त्यापुढे मी काही करू शकणार नाही."

बाई कामाला लागल्या. ताईंनी चहा आणून ठेवला, तो तसाच गार झाला. मुंगी काही गेली नाही. हनुवटी टेबलावर टेकवून ती बाईंची बोटं बघत होती. अर्ध्या तासाने बाईंनी या गृहाची फाइल पुन्हा तपासायला लावली, आणि लाल ओळ नाहीशी झाली. सत्तावन्नच्या सत्तावन्न मुलं पास.

"हा बघ तुझा दिवस," त्यांनी मुंगीला दाखवलं.

पडद्यावर तिच्या नावापुढे लिहिलं होतं: --02-29.

मुंगीने ते जवळ जाऊन वाचलं. "या सुरुवातीच्या दोन रेघा कसल्या?"

"तिथे वर्ष असतं. आपण मोकळं सोडलंय."

पडद्याला नाक लागेल इतकी ती पुढे वाकली आणि त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिली.

"किती वर्षं मावतील त्यात?"

"लागतील तेवढी," बाई म्हणाल्या.