चौथा फोन

टेबलावर सहा वस्तू होत्या. गाडीच्या डॅशबोर्डमधून काढलेली काळी डबी, एक किल्ली, गाळ वाळून कडक झालेला रुमाल, पाण्यात बंद पडलेला मोबाईल, पोलीस ठाण्याचं पत्र आणि घडी घातलेली एक चिठ्ठी. चिठ्ठीत एकच नाव होतं. राम.

सुकन्याने वस्तू पुन्हा मोजल्या आणि वहीत लिहिल्या. नगरच्या एमआयडीसीतल्या या वर्कशॉपमध्ये ती गाड्यांमधले संगणक तपासायची. इंटरनेटला जोडलेली गाडी कुठे गेली, किती वेगाने गेली, दार कोणी कधी उघडलं, हे सगळं कंपनीकडे साठत राहतं. बहुतेक मालकांना ते ठाऊक नसतं.

समोर ती चिठ्ठी घेऊन आलेले सहादेव बसले होते. त्यांची बायको बनुबाई दाराजवळच्या स्टुलावर. दोघं दुपारच्या एसटीने अकोले तालुक्यातल्या गावाहून आले होते. एकेचाळीस दिवसांपूर्वी त्यांचा मुलगा अमृत नगरहून गावी येत असताना त्याची गाडी कालव्यात गेली होती.

"पोहायला त्याला मीच शिकवलं हुतं, मॅडम," सहादेव म्हणाले. "प्रवरेच्या डोहात. बुडनारा गडी न्हाई तो."

"काका, गाडी दोन मिनिटं तरंगत होती." सुकन्याने स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. "संध्याकाळी सहा पंचावन्नला अमृतने आतून लॉक काढलं. सहा छप्पन्नला ते पुन्हा लागलं. कोणाच्या तरी मोबाईलवरून. या गाडीला मोबाईलवरून लॉक लावलं, की आतल्या हँडलनेही दार उघडत नाही. चोराने काच फोडून हात घालू नये म्हणून तशी सोय केलेली असते."

सहादेवांनी स्क्रीनवरच्या ओळीवर बोट ठेवलं. "म्हंजी कुनीतरी मुद्दाम लावलं."

"लावलं. मुद्दाम की कसं, ते यात दिसत नाही."

गाडीला चार फोन जोडलेले होते. कंपनी नावं कळवत नव्हती, फक्त जोडणीचा अनुक्रमांक. पहिला अमृतचा, टेबलावरचा. दुसरा त्याच्या बायकोचा, निकिताचा. ती बाळंतपणाला माहेरी होती आणि तिने फोन तपासू दिला होता. तिसरा अमृतचा मित्र राम याचा. त्या तासात त्यावरून काहीच गेलेलं नव्हतं. लॉक लावलं होतं चौथ्याने.

"हा चौथा सात महिन्यांपूर्वी जोडलाय," सुकन्या म्हणाली. "घरात आणखी कोणाकडे स्मार्टफोन?"

"न्हाई. माझा ह्यो बटनाचा." सहादेवांनी बोटांवर महिने मोजले. "सात म्हंजी दिवाळी. दिवाळीत गाडीचं समदं रामनंच लावून दिलं, आमच्या वट्यावर बसून. तवाच सोताचा दुसरा मोबाईल जोडला त्यानं. त्याच्या बहिनीचं स्थळ आमी नाकारलं, त्यो राग."

"राम तसला न्हाई," बनुबाई दारातून म्हणाल्या. "खांदा दिलाय त्यानं."

"खांदा द्यायला काय जातंय? तू गप. तुला यातलं काय कळतंय?" ते सुकन्याकडे वळले. "हवालदार म्हनले, तुमचा कागद आला की सकाळी उचलतो त्याला. तुमी फकस्त नाव लिवा."

"नाव मला अजून दिसलेलं नाही, काका. अमृतचं गाडीच्या ॲपवरचं खातं अजून चालू आहे. त्या फोनवरून पुन्हा काही झालं, तर इथे ओळ उमटेल."

"आता कशाला करंल? काम झालं की त्याचं."

बनुबाईंनी पदराने तोंड पुसलं.

"अमृत माझा लई विसराळू, पोरी," त्या म्हणाल्या. "कवाडाला कडी लावनं म्हाईतच न्हाई. शाळंला गेला की दार सताड. कुत्र्यानं किती येळा भाकरी पळवल्या. मी म्हनायचे, मेल्या, तुझ्या मागं कड्या लावता लावताच मरायची मी."

सुकन्याला हसू आलं. मग तिने मान खाली घातली.

बाहेर मिस्त्री हत्यारं आवरत होते. वर्कशॉप सातला बंद व्हायचं. अंधारून आलं म्हणून सुकन्याने ट्यूब लावली. बनुबाईंनी ट्यूबलाच हात जोडले.

तेवढ्यात त्यांच्या पिशवीतून आवाज आला. तरुण, हसरा आवाज.

"आई, सात वाजत आले. दिवा लाव!"

सहादेव फरशीकडे बघू लागले. "त्याचाच आवाज," ते हळूच म्हणाले. "जुना मोबाईल हाय त्याचा. त्यात भरून ठिवलंय. रोज याच टायमाला वाजतंय. बंद करू देत न्हाई ही."

बनुबाईंनी पिशवीतून रबर लावलेला, काच तडकलेला मोबाईल काढला.

"आन त्यात कसला देव बसवून दिलाय कुनाला ठावं," सहादेव म्हणाले. "दिवा लागला की त्याला बोट लावल्याबिगर हिला भाकर गोड लागत न्हाई. घर असू दे न्हाईतर एसटी."

"असू दे की," बनुबाई म्हणाल्या. "माझा नेम हाय. त्यानंच घालून दिलाय."

त्या उठून उंबऱ्याशी गेल्या. ओठांत काही पुटपुटल्या. मग अंगठा काचेवर टेकवला आणि थोडा वेळ तसाच दाबून धरला. मोबाईल कपाळाला लावून त्यांनी रबर पुन्हा चढवलं.

"लिवा, मॅडम," सहादेव म्हणाले. "आमची शेवटची गाडी हुकंल."

सुकन्याने पेन उचललं. अहवालात एकच रकाना मोकळा होता. तिने शेवटचं एकदा स्क्रीनकडे पाहिलं. तिथे एक नवी ओळ उमटली होती.

सायंकाळी ६.५६. फोन क्रमांक ४. दारे लॉक करा. गाडीकडून उत्तर नाही.