एक अख्खं वाक्य

शनिवारची सकाळची शाळा सुटली होती. शिक्षकांच्या खोलीत साबेरा मॅडम आणि आठवीतली अंकिता अशा दोघीच बसल्या होत्या. मधे टेबलावर मॅडमचा फोन. बारा वाजता तो वाजणार होता.

महिन्यापूर्वी मॅडमनी वर्गाला ध्येय लिहायला सांगितलं, तेव्हा निम्म्या वर्गानं आर्मी लिहिलं आणि उरलेल्यांनी पोलीस. मॅडमनी सगळे कागद परत दिले. "मोठेपणी काय होणार ते राहू दे. महिन्याभरात होईल आणि तुमचं तुम्हालाच करता येईल, असं एकच लिहा." मग वर्गातल्या धुळानं विहिरीत पोहायला शिकणार असं लिहिलं. सबीनानं सायकल. अंकितानं लिहिलं, 'पप्पांशी फोनवर एक अख्खं वाक्य बोलणार.'

अंकिताचे पप्पा फौजेत, वर बर्फात. आठवड्याला एकदा फोन यायचा. अंकिताची जीभ अडखळायची. ती अडकली की आजी शब्द पुरवायची, आई वाक्य पुरं करायची, आणि फोन दुसऱ्याच्या हातात जायचा. एकदा पप्पांनी आईला विचारलेलं तिनं ऐकलं होतं, "पोरगी चिडलीया का गं माझ्यावर? बोलतच न्हाई."

म्हणून वाक्य तिनंच ठरवलं. पहिल्या आठवड्यात ती ते रिकाम्या वर्गात भिंतीला सांगत होती. मग मॅडमना, मग सबीनाला, मग या खोलीतून त्या खोलीत फोनवर. आईनं पप्पांना कळवलं, की या शनिवारी मॅडमच्या नंबरवर लावा. मॅडमचं काम एकच होतं, गप्प बसायचं. वीस वर्षं पोरांची अर्धी उत्तरं पुरी करण्यात गेलेली. अंकितापेक्षा त्यांनाच ते जड गेलं होतं.

फोन वाजला. मॅडमनी स्पीकर लावला.

"नमस्कार मॅडम. अंकिताचा पप्पा बोलतोय, रविराज पवार."

"नमस्कार. अंकिता बोलतीय हं," म्हणून त्यांनी फोन तिच्यापुढं सरकवला.

"प..." अंकिताचे ओठ मिटले ते मिटलेच. मानेची शीर ताठ झाली. मॅडमच्या जिभेवर तो शब्द येऊन बसला होता. त्यांनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं.

"अंकू? हॅलो?" पलीकडं वारा नुसता घोंघावत होता.

"प... प..."

"हॅलो... मॅडम, आवाज येत न्हाई. रेंज गेली वाटतं. ठेवतो, परत लागला तर बघतो..."

मॅडमचा हात आपसूक फोनकडं गेला. 'थांबा, ती बोलतीय,' एवढंच म्हटलं की झालं असतं. अंकितानं त्यांचं मनगट धरलं आणि टेबलावर दाबून ठेवलं.

"थांबा!"

शब्द एकदम खणखणीत आला. तो दोघींनी कधी घोकलाच नव्हता. अंकिता स्वतःच दचकली.

"थांबा. र... रेंज हाय. मी बोलतीय."

वारा तेवढा ऐकू येत राहिला. मग हळूच आवाज आला, "थांबलोय. बोल."

अंकितानं श्वास घेतला. "प... पप्पा. मी. तुमच्यावर. च..." ती थांबली. घाई केली नाही. मॅडमकडं बघितलं नाही. खालच्या मैदानात कुणीतरी कुणाला तरी हाक मारली, तीही विरून गेली. "चिडले न्हाई."

फोनच्या पडद्यावर सेकंद पुढं पळत होते, म्हणजे फोन चालू होता. कुणीतरी लांबून विचारलं, "क्या हुआ, पवार?"

"कुछ नहीं. बेटी का फोन है."

मग पप्पांचा आवाज परत फोनजवळ आला. "अंकू, तुझा आवाज अगदी तुझ्या आत्यागत झालाय गं. मला म्हाईतच नव्हतं." आणखी काहीतरी ते बोलायला लागले होते, पण तेवढ्यात फोन खरंच कट झाला.

मॅडमनी चष्मा काढून पदरानं पुसला. परत घातला, तरी समोरचं धूसरच दिसत होतं.

"झालं की गं तुझं ध्येय!"

अंकिता मान खाली घालून हसली. दप्तर खांद्यावर टाकून दारापर्यंत गेली आणि वळली.

"मॅडम, आता प... पुढलं."

"पुढलं कुठलं?"

"पप्पांशी भांडायचंय."

"आँ? आत्ताच सांगितलंस ना, चिडले नाही म्हणून?"

"आधी ते सांगायला प... पायजे हुतं." तिनं चपलेत पाय सरकवला. "दिवाळीला येतो म्हनलं हुतं. आलं न्हाईत."

मॅडमनी हसू दाबलं आणि टेबलावरचा कागद पुढं ओढला. पेनचं टोपण काढलं. "बरं. किती वाक्यं हायत?"

अंकितानं बोटं मोजायला सुरुवात केली. एक हात संपला. दुसऱ्या हाताशी आल्यावर तिनं मोजणं सोडून दिलं.

"ल... ल..."

मॅडम पेन धरून बसून राहिल्या.

"लय."