ओल्टमन कोचचं मौन

“काय रे, आज दाढ दुखतेय का?” पंच ड्वेन हॅसलरने तोंडावरची जाळी वर करून विचारलं.

व्हर्जिल ओल्टमन काही बोलला नाही. खेळाडूंच्या बाकाशेजारी तो हाताची घडी घालून उभा होता. आयोवातल्या त्या लहानशा कॉलेजात तो तीस वर्षं बेसबॉलचा कोच होता, आणि आज त्याचा शेवटचा सामना होता. त्याने किती सामने जिंकले ते लोक विसरत. पंचांनी त्याला मैदानाबाहेर कसकसं हाकललं, ते मात्र गावात सगळ्यांना तोंडपाठ होतं. एकदा त्याने रागाने मैदानात रोवलेली बेसची गादीच उपटून काखोटीला मारली होती. एकदा भर मैदानात पंचाला स्वतःचा चष्मा देऊ केला होता. ड्वेनने त्याला सगळ्यांत जास्त वेळा हाकललं होतं, आणि त्याच संध्याकाळी दोघं एका टेबलावर बिअर प्यायला बसत.

पण आज निरोपाच्या कार्यक्रमात कॉलेजच्या अध्यक्षबाईंनी सगळ्यांदेखत माइकवर त्याच्याकडून वचन घेतलं होतं. वावगा शब्द काढायचा नाही. जुने खेळाडू पोराबाळांना घेऊन आले होते. नाही म्हणायची सोय नव्हती.

दुसऱ्या डावात त्याचा खेळाडू केसभर अंतराने बाद झाला. सगळे प्रेक्षक आशेने व्हर्जिलकडे वळले. त्याने डोळे मिटून घेतले.

“कोच, श्वास घ्या,” बाकावरून कुणीतरी हळूच म्हणालं.

ड्वेन काही त्याचा पिच्छा सोडेना. डाव संपला की बाकापाशी येऊन तो पुटपुटे, “पोट सुटलंय हं तुझं.” पुढच्या वेळी, “ही पँट धाकट्या भावाची का?” व्हर्जिलचे कान लाल झाले, पण ओठ उघडले नाहीत.

पाचव्या डावात धुळीच्या लोटात एक खेळाडू घसरत आला. निकाल अवघड होता. ड्वेनने तो अचूक दिला, आणि तोही व्हर्जिलच्या विरुद्ध. म्हाताऱ्याला अगदी राहवलं नाही.

“चांगला निर्णय दिलास, ड्वेन,” तो म्हणाला.

ड्वेनचा हात झटक्यात वर गेला. “बाहेर.”

बाकावरचे खेळाडू ताडकन उठले.

“का म्हणून?” व्हर्जिलला खरंच कळेना.

“टोमणा मारलास.”

“अरे, मनापासून म्हणालो मी.”

“मग तर हद्दच झाली. नीघ.”

प्रेक्षकांनी पंचाची यथेच्छ हुर्यो उडवली. व्हर्जिलने मदतनीस कोचच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो निघाला. हाकललेला कोच मैदानातून दिसता कामा नये, असा नियमच होता. इतर वेळी तो टोपी आपटत, दोन्ही बाजूंच्या खेळाडूंच्या आयांचे कान किटवत जाई. आज तो मान खाली घालून कुंपणामागे गेला. शेवटचा सामना, आणि तोही अर्धाच. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

कुंपणामागे गाड्या उभ्या होत्या. त्यांच्या जुन्या पिकअपची मागची फळी पाडून त्याची बायको आर्लिस तिच्यावर बसली होती. कुंपणाच्या फटीतून सगळं मैदान दिसत होतं. शेजारी अंड्याची सँडविचेस होती. कॉफी दोन कपांत ओतून तयार होती.

“काहीही केलं नव्हतं गं मी,” तिच्या शेजारी टेकत तो म्हणाला. “त्या ड्वेनला आज काय झालंय, देव जाणे.”

“उशीर केला मेल्याने. तिसऱ्या डावालाच पाठव म्हणून सांगितलं होतं त्याला.” आर्लिसने कप त्याच्या हातात दिला. “तीस वर्षांत तू माझ्या शेजारी बसून सामना बघितलास तो इथूनच. शेवटचा काय मी एकटीने बघायचा होता?”