खुणेपर्यंत भरलेली बाटली

"बाळाला पुन्हा जुलाब?" पाणी तपासणाऱ्या ताईंनी पिशवीतून काचेची छोटी बाटली काढली.

"कालपासून," सून म्हणाली. मांडीवरचं बाळ रडतही नव्हतं. नुसतं बघत होतं.

"पाणी विहिरीचंच देता?"

"हो, पण रोज तापवते. या झाकलेल्या भांड्यात वेगळं ठेवते. दुसरं कुणी हात लावत नाही."

"शाब्बास."

सासरे दारात उभे होते. परसातली विहीर त्यांनी तरुणपणी स्वतः खणली होती. "जन्मभर हेच पाणी प्यायलो. मेलो का?"

"तुमची आतडी लोखंडाची, बाबा. याची नाहीत."

ताई हसल्या. "आजोबा, बाटलीत औषधाची पूड आहे. पाणी खराब असलं की उद्यापर्यंत काळं पडतं. मग विहिरीवर लाल पाटी."

"म्हणजे माझ्याच तोंडाला काळं की!"

ताई उठल्या, तसे ते पुढे झाले. "पायऱ्या निसरड्या आहेत. मी आणतो भरून. तुम्ही तुमचं ते गटारबिटार बघा."

ताई गटार विहिरीपासून किती लांब आहे ते बघायला गेल्या. सून बाळाचे कपडे बदलायला आतल्या खोलीत गेली.

दोघी परतल्या, तेव्हा सासरे बाटली घेऊन उभे होते. पाणी अगदी खुणेपर्यंत.

"कोमट कशी लागते?" ताईंनी विचारलं.

"मुठीत धरली होती. म्हाताऱ्याची मूठ, तापणारच."

ताईंनी बाटली फडताळात ठेवली. सासऱ्यांनी बाळाच्या तळव्याला गुदगुल्या केल्या. "उद्या बघ, पाणी कसं काचेसारखं निघतं!"

दुसऱ्या दिवशी बाटलीतलं पाणी शाईसारखं काळं झालं होतं.

सासऱ्यांनी बाटली उजेडाकडे धरून पाहिली. "असं कसं होईल..."

"मनाला लावून घेऊ नका, आजोबा. वेळेत कळलं." ताई सुनेकडे वळल्या. "विहिरीचं कच्चं पाणी थेंबभरही नको. बाळाला फक्त या भांड्यातलं द्या."

सुनेने झाकण काढलं. रोजच्यासारखं पाण्यात बोट बुडवून पाहिलं. बाळाला सोसेल इतपतच तापलं होतं, उकळलं नव्हतं. तिने चमचा भरला.

सासऱ्यांचा हात वर गेला आणि तसाच राहिला. काल ते विहिरीवर गेलेच नव्हते. बाटली त्यांनी याच भांड्यातून भरली होती.