लांब गोळी, आखूड गोळी

ही १९७६ च्या ऑक्टोबरातली गोष्ट. वायोमिंगमध्ये अजून बर्फ पडायचं होतं. नोरीन आणि तिचा नवरा क्ले हे ऑर्व्हलच्या दुकानात आयुष्यातलं पहिलं रिव्हॉल्व्हर घ्यायला शिरले. दोघंही डेन्व्हरच्या गल्ल्यांत वाढलेली. हरणं मारायची बंदूकसुद्धा त्यांनी कधी हातात धरली नव्हती.

सोमवारपासून क्ले तेलविहिरीवर कामाला लागणार होता. पंधरा दिवस तिकडे, आठवडाभर घरी. मागच्याच आठवड्यात भर दुपारी कुणीतरी मागच्या दाराची मूठ फिरवून पाहिली होती आणि निमूट निघून गेलं होतं. शेजार दोन मैलांवर, शेरीफचं पोलीस ठाणं चाळीस. नोरीननं सांगून टाकलं होतं, "मला रिव्हॉल्व्हर चालवता आलं तर राहीन. नाही तर सामान बांधून बहिणीकडे." बहिणीकडे गेलेली बायको सहजी परतत नाही, हे क्लेला माहीत होतं.

ऑर्व्हलच्या दुकानात मासे धरायचे गळ आणि पिस्तुलं एकाच काचेखाली असत. क्लेनं आल्या आल्या सगळ्यांत मोठ्या रिव्हॉल्व्हरवर बोट ठेवलं. "हे. तीनशे सत्तावन मॅग्नम."

"आणि बाईंसाठी हे," म्हणत ऑर्व्हलनं मोत्यासारख्या चकचकीत मुठीचं एक इवलंसं पुढं सरकवलं.

नोरीननं ते तळहातावर तोललं. मग मोठं तोललं. पुन्हा छोटं.

"हे एवढं हलकं आहे," ती म्हणाली, "तर मग धक्का कोण खाणार?"

ऑर्व्हलनं कपाळावरचा चष्मा खाली घेऊन तिच्याकडे पाहिलं. "तुमचं मनगट."

"आणि मोठ्याचा?"

"थोडा ते स्वतः खातं. वजन असतं ना अंगात."

"बिडाच्या तव्यासारखं," नोरीन म्हणाली आणि छोटं परत केलं.

दुकानामागं मातीचा ढिगारा होता. त्यावर कॉफीचे रिकामे डबे मांडलेले. ऑर्व्हलनं दोघांच्या कानांवर जाड टोप्या चढवल्या, पाठ फिरवून मोठं रिव्हॉल्व्हर भरलं आणि क्लेच्या हातात दिलं. "चक्राच्या काही घरांत जिवंत गोळी आहे, काही घरांत उडालेलीचं रिकामं टरफल. कुठली कुठं ते सांगणार नाही. मार."

पहिला बार एवढा मोठा झाला, की नोरीनला तो छातीत जाणवला. दुसराही तसाच. तिसऱ्या वेळी नुसतं 'टक्' झालं. बार नाही, धूर नाही. पण नळी मात्र, हौदावर पाणी प्यायला आलेल्या गाईसारखी, मान खाली घालून जमिनीकडे वळली होती.

"न झालेल्या बाराला घाबरलास," ऑर्व्हल म्हणाला. "सगळ्यांचं होतं."

"घाम आला होता हाताला," क्ले म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

नोरीननं एकच गोळी मारली आणि रिव्हॉल्व्हर अलगद फळीवर ठेवलं. अंगठ्याच्या बेचक्यात आग झाली होती. "हे माझ्यानं व्हायचं नाही, क्ले."

क्लेनं डब्यांकडं पाहिलं, मग रस्त्याकडं. रस्ता बहिणीच्या गावाकडं जात होता.

फळीवर दोन जातींच्या गोळ्या पडल्या होत्या. काहीतरी करायचं म्हणून नोरीननं दोन उचलल्या आणि शेजारी शेजारी उभ्या केल्या. एक लांब, एक आखूड. मग तिनं त्या एकमेकींना लावून पाहिल्या.

"ही कुठली?"

"अडतीस. जुनी, मवाळ. तुमच्या यजमानांच्या पसंतीची नाही."

"पण कंबर तर एकच आहे दोघींची."

ऑर्व्हल हसायला लागला. "कंबर एकच. लांब गोळीत दारू जास्त, एवढंच."

"मग ही धाकटी थोरलीच्या घरात मावत असेल."

"मावते. थोरली मात्र धाकटीच्या घरात मावत नाही. दुकान उघडून एवढी वर्षं झाली, बाई, हे मला विचारायला कुणी आलं नाही. सगळे सांगायला येतात."

त्यानं त्याच मोठ्या रिव्हॉल्व्हरमध्ये आखूड गोळ्या भरल्या, पुन्हा पाठ फिरवून. नोरीननं दोन डबे उडवले. मग 'टक्' झालं. नळी जराशी झुकली. "पुन्हा," ती म्हणाली. पुढच्या खेपेला 'टक्' झालं तेव्हा नळी होती तिथंच होती.

"तूही बघ ना मारून," तिनं क्लेला म्हटलं.

"छे. ते बायकांचं. मला थोरलीच बरी."

नोरीननं त्याच्या लाल कानांकडं एकदा पाहिलं. "मग हेच घेऊ. दोन्ही खातं. आणि गोळ्यांचे दोन डबे, एक तुझा, एक माझा."

ऑर्व्हल पुढं म्हातारा होऊन गेला. त्याच्या दुकानात आता केस कापतात. दाराची मूठ फिरवणारा पुन्हा आला नाही, किंवा आला असेल तर कॉफीचे डबे उडताना ऐकून परतला असेल. नोरीन त्याच घरात राहिली. क्ले घरी असेल त्या रविवारी दोघं मागच्या उतारावर नेम धरायची. रिव्हॉल्व्हर भरून द्यायची ती नोरीनच, आणि कशानं भरलं हे क्लेनं कधी विचारलं नाही. गावातल्या बारमध्ये मात्र तो सांगत असे, "आमच्या घरी मॅग्नम आहे."

२०१४ साली क्ले गेला. मुलगी कपाट आवरायला आली. अडतीसच्या रिकाम्या डब्यांत नोरीननं बटणं, रिळं, बिया भरून ठेवल्या होत्या. सगळ्यांत मागं तीनशे सत्तावनचा एक डबा निघाला. त्याची चिकटपट्टी तशीच होती.

"आई, हा कधी फोडलाच नाहीत तुम्ही?"

"तो तुझ्या बाबांचा आहे," नोरीन म्हणाली. "ठेव होता तिथंच."