बाईंचं ऑनलाइन प्रशिक्षण

शाळेतून घरी येईपर्यंत बाईंच्या अंगात त्राण उरायचं नाही. त्यात शिक्षकांसाठीचं, फोनवर व्हिडिओ बघायचं हे सक्तीचं प्रशिक्षण. विषय : अबोल मुलांना बोलतं कसं करावं.

*आपण पाहत आहात ना? ‘हो’ दाबा.*

“अहो, तेवढं ‘हो’ दाबत बसा ना. मी भांडी घासून घेते.”

“म्हणजे शिकायचं मी आणि सर्टिफिकेट तुला!” नवरा कुरकुरला, पण फोन घेऊन बसला.

*आपण पाहत आहात ना? ‘हो’ दाबा.*

बाईंना खरा घोर होता तो लेकीचा. नववीतली पोर महिनाभर कुणाशी धड बोलत नव्हती. आली की खोलीचं दार लावून घ्यायची.

“काय झालंय? कुणी काही बोललं का? अभ्यास झेपत नाहीये का? अगं, तोंड उघड की!” रोज दाराबाहेर उभं राहून बाईंचा घसा बसायचा.

*अभिनंदन! आपले प्रशिक्षण पूर्ण झाले.*

दुसऱ्या दिवशी बाई घरी आल्या, तर लेक बापाला बिलगून हुंदके देत होती. मैत्रिणींनी तिला वाळीत टाकलं होतं. डबासुद्धा ती एकटीच खायची.

बाई चपला न काढताच खाली बसल्या. “मला का गं नाही सांगितलंस?”

“तू एकामागून एक विचारत सुटतेस, आई. बाबांनी एकदाच विचारलं. मग नुसते शेजारी बसून राहिले.”

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं.



“तिसऱ्या व्हिडिओत होतं ते,” तो ओशाळून म्हणाला.